चार मुठी कोथिंबिरीचं वजन

लोणी भापकर,
सोमवार, ओट्यावर ऊन आल्यावर

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांशी (गुडघ्यांना तेल चोळून बसली असशील तर जरा लांबूनच) धाकट्या म्हस्कूचा दंडवत. दाजींनाही नमस्कार. त्यांचा खोकला कसा आहे? बिडी खरंच सुटली, का फक्त तुझ्यासमोर सुटली? तुमच्या उसाला तोड आली का? आमच्या शिवारात टोळी येऊन बसली आहे आणि रस्त्यावर ट्रॉल्यांची अशी रांग लागते की पलीकडच्या दुकानातून काडेपेटी आणायची म्हटली तरी माणसानं घरून जेवून निघावं. डॉक्टरनं सांगितलेला गुडघ्याचा व्यायाम तू करतेस, का योगिनीला करायला लावून नुसती बघत बसतेस? माझं ठीक आहे. बीपीची गोळी वेळेवर घेतो. दिवसभरात वेळेवर करायचं तेवढंच एक काम उरलंय, म्हणून त्यात हयगय करत नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. मागं मी न्हाणीत घसरून पडल्याचं सांगितलं, तर "बरं झालं, बरं झालं" म्हणालीस आणि वर "असंच चालू दे" असा आशीर्वादही दिलास. शिवाय तुला ऐकू जावं म्हणून मी ओरडलो की शेजारचे लोक काय झालं म्हणून गोळा होतात. त्यापेक्षा पत्र बरं. आपली योगिनी वाचून दाखवेलच. (योगिनी, तुला आशीर्वाद. नातसुनेला सासूच्याही सासूसाठी टपालं वाचावी लागतात, हे तुझ्या आईबापानं लग्नात सांगितलं नसणार. कंसातलं सगळं मोठ्यानं वाचलंच पाहिजे असं नाही. तुझ्या मनानं ठरव.)

आता मुद्दा. परवा योगिनीच्या फोनवरून तुझा निरोप आला, "अक्का विचारत्यात, आमाला बोलावणार हाय का परस्पर उरकणार?" तो वाचून मी ओट्यावर बसलो होतो तो बसूनच राहिलो. अक्का, मी लग्न करत नाही. या वयात माणूस लग्नाला जातो तेसुद्धा जेवण लवकर असेल तर. तुझ्या शेजारच्या कुशाबाईंनी हे सगळं तुझ्या कानावर घातलं असणार, आणि त्याही खोटं बोलल्या नाहीत हीच तर अडचण आहे. त्यांनी मला बारामतीत सोनाराच्या दुकानात पाहिलं, ते खरं. मी गावात बायकांच्या बांगड्यांची मापं विचारत फिरत होतो, हे त्यांना माहेरी आल्यावर कळलं, तेही खरं. भाजीवाली दगडाबाई भर सकाळी माझ्या ओट्यावर बसली होती आणि मी तिच्या हाताकडं टक लावून बघत होतो, हे तर सगळ्या एसटी स्टँडनं पाहिलंय. पण हे सगळं कोथिंबिरीपायी झालं. हसू नकोस. नीट सांगतो.

आपला युवराज, सूनबाई माधवी आणि नात स्वराली जर्मनीला गेल्यापासून दर रविवारी फोन येतो. येतो म्हणजे, यायचा. मग युवराजला रविवारी कामं निघायला लागली, स्वरालीचा पोहायचा क्लास सुरू झाला, आणि आता एखाद्या रविवारी आला तर आला. आला तरी आम्ही एकमेकांना "जेवला का" एवढंच विचारतो. त्यांची दुपार असते, माझी संध्याकाळ असते, उत्तर दोन्हीकडून "व्हय" असं येतं. मग मी हवा विचारतो. हवा थंड असते. मग युवराज विहिरीचं पाणी विचारतो. पाणी आहे. मग थोडा वेळ आम्ही तिघंचौघं आपापल्या चौकटीत एकमेकांकडं बघत बसतो, वधूवर बघायला बसतात तसे, आणि कुणीतरी "चला मग" म्हणतं. लीला होती तेव्हा ती फोन सोडायची नाही. तिला काय एवढं बोलायला सापडायचं, देव जाणे. मला त्या काळात वाटायचं की बिल येईल.

तर मागच्या महिन्यात एका रविवारी माधवीनं मला खरोखरचा प्रश्न विचारला. स्वरालीच्या शाळेत एक दिवस असतो, त्या दिवशी प्रत्येक पोरानं आपल्या घरचा एक पदार्थ न्यायचा. कुणी कुठल्या देशाचं, कुणी कुठल्या. या पोरीनं बाईंना सांगून टाकलं की मी आजीच्या कोथिंबीर वड्या आणणार. स्वरालीच्या जन्माच्या वेळी माधवी हितं होती, तेव्हा लीलानं तिला चुलीपाशी बसवून ती वडी तोंडी सांगितली होती: चार मुठी कोथिंबीर, त्यात मावेल तेवढं बेसन, चिमटीत येईल तेवढे तीळ. माधवीला ते सगळं पाठ आहे. पण तिकडं कोथिंबीर जुडीवर मिळत नाही, प्लास्टिकच्या डबीत मिळते, आणि डबीवर ग्रॅम लिहिलेले असतात. डबी एवढीशी, बाळाच्या टाळूला लावायचं तेल असतं तेवढी. तर माधवीचा प्रश्न असा, की "बाबा, आईंची मूठ म्हणजे किती ग्रॅम? मी डब्या किती आणू?"

अक्का, माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मी सोमेश्वरनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात घालवली. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन मांडायचं, रिकामी होऊन आली की परत घ्यायची, वजा करायचं, राहिला तो ऊस. डोळे मिटून करायचो. आणि इतक्या वर्षांत घरातल्या कुणीही, एकदाही, मला वजनाबद्दल काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी दगडाबाईकडून एक जुडी घेतली. (दगडाबाई तुला माहीत नसेल. स्टँडसमोर पोतं टाकून भाजी विकते, वस्तीवरून येते, मालक जाऊन बरीच वर्षं झाली. तोंडानं फटकळ आहे.) जुडी घरी आणून खताच्या गोण्यांसाठी ठेवलेल्या ताणकाट्याला अडकवली. काट्याची सुई हललीसुद्धा नाही. मला वाटलं बिघडला. मग मी त्याला पाटा लटकवला, तर सुई बरोबर खाली गेली. म्हणजे काटा शाबूत होता, कोथिंबीरच त्याच्या हिशेबात नव्हती. परत जाऊन आणखी तीन जुड्या आणल्या, की चार मिळून तरी काही दाखवतील. तर एक जुडी मनगटाएवढी, एक अंगठ्याएवढी. मी दगडाबाईला विचारलं की जुडीचं ठरलेलं वजन काय? तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "काटेवाले आबा, तुमी आता सरकारात लागला का?" म्हणाली. तिला वाटलं मी वजनमापं तपासायला आलोय. शेजारच्या दोघींनी तर आपापले तराजू पदराखाली घेतले आणि मला न मागता कढीपत्ता दिला. मी खूप समजावलं, जर्मनीचं सांगितलं, डबीचं सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "कोथमीर खायाची आसती आबा, मोजायची न्हाय."

आता बारीक वजनाचा काटा कुठं असतो? सोनाराकडं. बारामतीत सिद्धू सराफाचं दुकान आहे, लीलाच्या पाटल्या त्यांच्याकडच्याच. मी कोथिंबीर निवडली, लीलाच्या सवयीप्रमाणं ओल्या रुमालात बांधली आणि एसटीनं बारामती गाठली. दुकानात गर्दी. लगीनसराईचे दिवस. मी काउंटरवर रुमालाची गाठोडी ठेवली आणि हळू आवाजात म्हटलं, "सिद्धू, एवढं वजन करून दे." हळू एवढ्यासाठी बोललो की लाज वाटत होती. अक्का, नेमक्या त्याच वेळी तुझ्या कुशाबाई नातीच्या लग्नाचं सोनं बघत कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मला ओळख दिली, मी मान हलवली, त्यांनी गाठोडीकडं बघितलं, मी गाठोडीवर हात ठेवला. (का ठेवला, मलाच माहीत नाही.) रुमालाची गाठ सुटायच्या आत त्या उठून गेल्या. गाठ सुटली तेव्हा सिद्धूचा चेहरा बघण्यासारखा होता. काचेच्या पेटीतल्या त्याच्या काट्याच्या ताटलीत माझी कोथिंबीर, तिचं पाणी निथळतंय, आणि शेजारी एका नवरीचं गंठण. त्यानं वजन मात्र करून दिलं. आकडा ग्रॅमच्या बारीक अंशापर्यंत सांगितला, आणि विचारलं, "आबा, घडणावळ लावू का?"

पण परत येताना अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मी वजन केलं ते पाण्यासकट. भाजीवाल्या जुडीवर पाणी मारत असतात, त्यात माझा ओला रुमाल. उसाचं पाचट वजनातून कापतो तसं हे पाणी कापायला नको का? तरी संध्याकाळी मी माधवीला आकडा कळवून टाकला आणि खाली लिहिलं, की हे ओल्या कोथिंबिरीचं आहे, सुकीचं वेगळं येईल. आणि अक्का, तिचा लगेच फोन आला! सोमवारी! म्हणाली, "बाबा, सुकीचंच हवं, आणि देठांसकट का देठं काढून?" मी म्हटलं, हे बघावं लागेल.

दुसऱ्या दिवशी मी बारामतीहून स्वयंपाकघरातला एक छोटा काटा विकत घेऊन आलो, कारण सिद्धूकडं परत जायला तोंड नव्हतं. मग मी बसलोच. जुडी धुऊन, फडक्यावर पसरून सुकवून तोलली. देठं काढून तोलली. बारीक चिरून वाटीत भरली: नुसती सोडली तर वाटीभर कोथिंबिरीचं वजन काहीच नाही, वारा भरल्यासारखी; अंगठ्यानं दाबत भरली तर त्याच वाटीत दुप्पट मावते. सकाळची ताजी आणि दुपारी मान टाकलेली, यांत फरक पडतो. वाटी लीलाच्या माहेरची, खाली नाव कोरलेली, ती आपल्या नेहमीच्या वाटीपेक्षा लहान निघाली. एकेक गोष्ट मी माधवीला कळवत होतो आणि प्रत्येकाला तिचा एक प्रश्न येत होता, आणि प्रश्नाबरोबर फोन. मध्येच स्वरालीही यायची, काटा बघायची, "आजोबा, आता त्याच्यावर चमचा ठेवा, आता चष्मा ठेवा" म्हणायची, आणि मी ठेवायचो. खरं सांगायचं तर पुढं पुढं मी अर्धंच उत्तर द्यायला लागलो. देठांचं आज सांगितलं तर वाटीचं उद्यावर ठेवायचं. घरात कोथिंबिरीचा ढीग झाला. पाण्याच्या तांब्याला वास, उशीला वास. पण संध्याकाळ व्हायची वाट बघावी, असं बऱ्याच दिवसांनी होत होतं.

मग मूळ प्रश्न उरला, मुठीचा. मी माझी मूठ भरून तोलली आणि कळवली. माधवी म्हणाली, "बाबा, तुमची नाही, आईंची." बरोबरच होतं. माझा पंजा म्हणजे फावडं. लीलाचा हात लहान होता, तुला माहीत आहे, लग्नात चुडा भरताना कासारणीनं दोनदा बदलून आणला होता. तिच्या बांगडीचं माप मी विसरलो नव्हतो, सव्वादोन. मी विचार केला की सव्वादोनची बांगडी जिच्या हाताला बसते तिची मूठही तेवढीच भरणार. म्हणून मी गावातल्या कासारणीकडं गेलो आणि सरळ विचारलं, की आपल्या गावात सव्वादोनच्या हाताच्या कोण कोण आहेत? ती बाई माझ्याकडं बघतच राहिली. मग एकेक नाव सांगितलं, सगळ्या नव्या सुना. आता लोकांच्या सुनांना जाऊन मी सांगू काय, की पोरी, जरा मूठ भर? तरी एका घरी विचारलंच. सासू दार लोटून घ्यायला निघाली. (योगिनी, हसतेस काय? तुझ्या मापाची बांगडी कितीची, हे मी विचारलेलं नाही, याची नोंद घे.)

दगडाबाईच्या कानावर हे गेलंच. स्टँडवर सगळं तिच्याच पोत्यावरून पुढं जातं. दुसऱ्या दिवशी मी जुडी घ्यायला गेलो तेव्हा तिनं माझ्यासमोर हात पुढं केला. "मालक गेल्यावर काचंच्या सोडल्या. या प्लास्टिकच्या दोन हायेत, त्या सव्वादोनच्याच हायेत. गावभर बोंबलत फिरू नगा, काय भरायचं ती मूठ मी भरते." आणि पोतं शेजारणीकडं देऊन ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. समोर टेलर, पलीकडं चहाची टपरी, बारामतीला जायला थांबलेली सगळी माणसं. एवढ्या लोकांसमोर मी काटा मांडला आणि तिनं परातीतून एक मूठ उचलून वर ठेवली. मग दुसरी, तिसरी, चौथी. चारही मुठींचं वजन वेगवेगळं! मी चिडलो. म्हटलं, सारखी भर की. ती म्हणाली, "मूठ काय साच्यातनं काढत्यात का? पयली मूठ घाईची आसती, शेवटची कट्टाळ्याची. लीलाबाई कशा घेत व्हत्या, ते सांगा."

मला ते चांगलं आठवत होतं. लीला मूठ भरून घ्यायची, तिच्याकडं बघायची आणि दोन काड्या परत टाकायची. दर वेळी. मला वाटायचं काटकसर आहे, पण परातीतल्या दोन काड्यांनी कुठं काय वाचतंय? तिची ती लकबच होती. मी हे दगडाबाईला सांगितलं. तिनं मूठ भरली, बघितलं, आणि दोन काड्या परत टाकल्या. अक्का, मला पाणी प्यायला आत जावं लागलं. बाहेर आलो तेव्हा तिनं चारही मुठी काट्यावर ओळीनं ठेवल्या होत्या आणि नजर रस्त्याकडं लावून बसली होती. मी वजन घेतलं. माधवीला कळवलं. आकडा तुला सांगून उपयोग नाही, तुझी मूठ माझ्यापेक्षा मोठी आहे.

बाकी तुला कुशाबाईंनी सांगितलंच आहे. सोनार, बांगड्या आणि भाजीवाली, तिन्ही एकत्र केलं की त्याचं काय होतं, ते गावात पोराटोरांनाही कळतं. टपरीवर माझ्या नावानं हळदीची चेष्टा सुरू झाली. ते मी सोसलं. पण कुणीतरी ते जर्मनीपर्यंत पोचवलं आणि एका संध्याकाळी युवराजचा फोन आला. एकटाच होता, दार लावून बसलेला. फार गंभीर. म्हणाला, "बाबा, कळलं आम्हाला. सुरुवातीला वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण तुम्ही एकटे असता. आम्ही तिकडं नसतो. तुम्ही जे ठरवाल ते." आणि मग तो बोलायला लागला. आई गेल्यावर त्याला हितं थांबायचं होतं पण रजा नव्हती, ते बोलला. विमानात बसल्यावर काय झालं, ते बोलला. लहानपणी मी त्याला काट्यावर उभं करून वजन सांगायचो, तेही त्याच्या लक्षात होतं. तो इतका वेळ माझ्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता. आणि अक्का, मी मध्ये "अरे, तसं काही नाही" असं म्हणालोच नाही. म्हटलं असतं तर फोन तिथंच संपला असता. मी नुसता "हं, हं" करत राहिलो. शेवटी तो विचारायला लागला की काकूंचं नाव काय, तेव्हा मला सांगावंच लागलं, की अरे बाबा, ती काकू नाही, ती कोथिंबीर आहे. "कोथिंबीर?" तो म्हणाला. मग हसला, खूप हसला, डोळे पुसले. म्हणाला, "सुटलो." आणि मग म्हणाला, चला मग.

शाळेचा दिवस आला. माधवीनं मला फोनवर सगळं दाखवलं. ताटात ओळीनं वड्या, कडा अशा कुरकुरीत, वर तीळ. पोरांनी सगळ्या संपवल्या. एका पोरीनं जॅम लावून खाल्ली, पण खाल्ली. बाईंनी कृती मागून घेतली. मी विचारलं, मग मुठीचं वजन बरोबर बसलं ना? माधवी म्हणाली, "बाबा, रागावू नका. आदल्या दिवशी डब्या फोडल्या आणि सगळ्याच टाकल्या, उरवून काय करायच्या? बेसन हाताला लागेल तसं घातलं. आणि आईंसारखी झाली हो." मी रागावलो नाही. चांगलीच गोष्ट आहे. मी तिला तसं म्हटलंही. स्वरालीनं हात हलवला, फोन बंद झाला. त्यानंतरच्या रविवारी आला नाही. विचारायलाच काही उरलं नव्हतं, तर येणार कशाला? मीही एक-दोन वेळा मनात जुळवून बघितलं की पुदिन्याचं काही विचारावं, मेथीचं काढावं. पण ते बरं दिसत नाही.

मग एक दिवस मी स्वतःच वड्या केल्या. घरात काटा होता, वाटी होती, सगळी मापं मला माहीत होती. उकडल्या, गार केल्या, कापल्या, तळल्या. पहिली वडी तोंडात घातली आणि दुसऱ्यांदा पाणी प्यायला उठावं लागलं, पण या वेळी मिरचीनं. वाईट झाल्या नव्हत्या. पण अक्का, एका जुडीच्या वड्या घरभर माणसांना पुरतात. मी सकाळी खाल्ल्या, दुपारी खाल्ल्या, तरी ताट तसंच. जुडी कितीही लहान घेतली तरी ती घरासाठी बांधलेली असते. एका माणसापुरती कोथिंबीर वडी कशी करायची, हे लीलानं माधवीला सांगितलं नव्हतं, आणि तशी कुणी कधी केलीही नसणार.

उरलेल्या डब्यात भरून स्टँडवर दगडाबाईला नेऊन दिल्या. म्हटलं, मुठीची मजुरी. तिनं तिथंच एक खाल्ली आणि म्हणाली, "मीठ तेवढं काट्यावर घातलं न्हाय वाटतं." दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायला दारात आली. रिकामा डबा कोण परत करतं, त्यात लिंबं घालून आणली होती. मी चहा टाकला होता. म्हटलं, आत ये, बस. तर उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. ओट्यावर चालतं, सगळ्यांना दिसतं; आत नाही. "घरात बाईमाणूस न्हाय आबा. बाहेरच बरी." मी कप बाहेर दिला. ती उन्हात उभी, मी चौकटीला टेकून, असं आम्ही थोडा वेळ बोललो. तिच्या वस्तीवर बिबट्या येतो म्हणाली. तिचा मालक ट्रॅक्टरवर होता, त्याला लसणाची फोडणी आवडायची नाही, असं काहीबाही. मग तिची गिऱ्हाइकं खोळंबली म्हणून ती गेली.

असो. असं हे सगळं झालं. मनात किंतु ठेवू नकोस. दाजींनी बिडी ओढली तर मला कळव, मी फोन करून रागवेन, त्यांना तरी ऐकू येतं. तुझ्या नातवाला, यशराजला, आणि घरातल्या लहानमोठ्या सर्वांना आशीर्वाद. पत्र लांबलं, पण पोष्टातली बाई म्हणाली की कागद कितीही घाला, वजनात बसतंय.

तुझा,
म्हस्कू

ता. क. कुशाबाईंना सांगणे, की रुमालात कोथिंबीर होती. त्यांच्या नातीच्या लग्नाला मी येईन, एकटाच येईन, आणि अहेरही आणीन.

ता. क. दुसरी. (योगिनी, ही फक्त तुझ्यासाठी. मनात वाच आणि मग नुसता नमस्कार सांगितलाय असं सांग. अक्काचे गुडघे एसटीची पायरी चढण्याइतके खरंच बरे आहेत का? ती व्हय म्हणेल, तिला विचारू नकोस. तू बघून सांग. आणि दाजींचं दहाबारा दिवस तू बघू शकशील का?)

ता. क. तिसरी. अक्का, ही तुझ्यासाठी, योगिनी मोठ्यानं वाचेल. तू थोडे दिवस हितं येऊन राहा. स्थळ बघायला नव्हे, गैरसमज करून घेऊ नकोस. लीलाला तूच बघून आणली होतीस आणि तिचं सगळं जिथल्या तिथं आहे, मी काही हलवलेलं नाही. फक्त तू घरात असलीस की दगडाबाईला आत येऊन बसून चहा घेता येईल. तू बोलावलंस तर ती येईल, मी बोलावून येत नाही. तू नुसती खाटेवर बसून राहा. आम्ही काय बोलतो ते तुला ऐकू नाही आलं तरी चालेल. उलट बरंच.

ता. क. शेवटची. अंथुर्ण्याहून बारामतीपर्यंत यशराज गाडीत बसवून देईल. पुढं तुला एकटीला लोणीची गाडी शोधायला नको, मी बारामतीच्या स्टँडवर घ्यायला येतो. कुठल्या गाडीनं निघालीस ते कळवायची खटपट करू नकोस, नुसता दिवस कळव. मी सकाळपासूनच येऊन बसेन. घरी तसंही काय काम असतंय?